दुखणं थांबलं, नस सुटली का?

घोट्याच्या आतल्या बाजूचं हाड आणि टाचेमागची जाड शीर, या दोहोंच्या मधे बोटाचं पेर बसेल एवढी खोलगट जागा असते. तिथे हलकंच बोट टेकवलं तर नाडीचे ठोके लागतात. मधुमेही माणसाच्या पावलापर्यंत रक्त नीट पोचतंय का हे बघणारा डॉक्टर बोट ठेवतो ते इथे. कुष्ठरोगाची तपासणी करणारा आरोग्यसेवक नस चाचपतो तीही इथेच: ती जाड झाली आहे का, दाबल्यावर कळ येते का. आणि चिनी पद्धतीने सुया टोचणारे उपचारकही याच जागी सुई लावतात. त्यांच्या नकाशात हा मूत्रपिंडाच्या वाहिनीवरचा तिसरा बिंदू, नाव ताइशी. तिघांच्या बोटाखाली धमनी तीच, नसही तीच. पण पहिले दोघे त्या जागेला काही विचारतात. तिसऱ्यानेही विचारावं, असं माझं म्हणणं आहे. का विचारावं आणि न विचारल्याने काय हातचं जातं, हे सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

पोटरीतून उतरणारी मोठी नस या खोलगट जागेतून तळपायाकडे वळते. तिच्याबरोबर धमनी असते, शिरा असतात, पावलाला आणि बोटांना वाकवणाऱ्या तीन स्नायूंचे दोर असतात. या सगळ्यांवरून घोट्याच्या हाडापासून टाचेच्या हाडापर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो. खाली हाड, वर पट्टा आणि मधे दाटी. या बोगद्याला डॉक्टर टार्सल टनेल म्हणतात. आत सूज आली, गाठ झाली, शिरा फुगल्या, जुनं मोडलेलं हाड वेडंवाकडं जुळलं, की जागा कमी पडते आणि नस चेपते. पाऊल सपाट असेल, टाच बाहेर कललेली असेल, तर चालताना नस ताणलीही जाते. १९६२ साली केक आणि लॅम या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या दुखण्याला नाव दिलं. रुग्णाची तक्रार त्याहून फार जुनी आहे: तळपायाची आग होते, मुंग्या येतात, मधेच करंट बसतो, दिवसभर उभं राहिलं की वाढतं आणि रात्री अंथरुणावर पडलं तरी सोडत नाही.

मलकापूरसारख्या गावात हे दुखणं घेऊन माणूस कुठे जातो? पुणे-बंगळूर महामार्गावर, कराडला चिकटून वसलेलं हे शहर. कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय इथेच आहे. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून, ढेबेवाडीच्या खोऱ्यातून माणसं इथे उपचाराला येतात. म्हणजे तज्ज्ञ दूर नाहीत. तरीही पायाची आग घेऊन कुणी थेट तज्ज्ञाकडे जात नाही. उसाच्या फडात, भट्टीपुढे, दुकानाच्या गल्ल्यामागे, वर्गात फळ्यापुढे उभं राहणाऱ्यांच्या घरात पाय दुखणं हे आजारात धरलंच जात नाही. आधी तेल लावून होतं, शेकून होतं. मग मेडिकलमधली गोळी. मग कुणीतरी सांगतं की अमक्याला चिनी सुयांनी लई आराम पडला, आणि माणूस तिकडे जातो. त्यात वावगं काहीच नाही. मोठ्या दवाखान्यात रांगेत अर्धा दिवस घालवून हातात गोळ्यांची चिठ्ठी पडते. इथे एक माणूस समोर बसतो, पाय हातात घेतो, कुठे दुखतं ते विचारतो, अर्धा तास देतो. आराम पडतो तो खराच पडतो. त्याला कुणी मनाचा खेळ म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. वेदना मेंदूतच जाणवते. ती तिथे कमी झाली तर ती कमी झालीच.

अडचण वेगळ्याच जागी आहे. चेपलेल्या नसेच्या बाबतीत, दुखणं थांबलं हा बरं झाल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

गुडघा दुखायचा थांबला तर आपण गुडघा सुधारला असं म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते चालूनही जातं. नसेचा हिशेब उलटा असू शकतो. नस चेपली की आधी तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि ती तक्रार करू लागते. ती तक्रार म्हणजेच आग आणि मुंग्या. दाब तसाच राहिला तर नसेच्या तंतूंवरचं आवरण झिजतं आणि संदेश मंदावतात. त्याहून पुढे गेलं तर आतले तंतूच मरतात. मेलेला तंतू तक्रार करत नाही. म्हणजे महिनोन्‌महिने आग होणारा तळवा एक दिवस शांत होतो तो दोन कारणांनी: एक तर दाब गेला, किंवा नस गेली. रुग्णाला दोन्ही वेळा सारखंच हायसं वाटतं. बाहेरून दोहोंत फरक करायचा तर तळव्याला स्पर्श कळतो का, पायाची बोटं फाकवता येतात का, तळव्याच्या आतल्या कडेचा मांसल भाग झडला आहे का, हे बघावंच लागतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. घोट्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतचं अंतर बघता त्याला कित्येक महिने लागतात. सुयांच्या तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर पडलेला आराम म्हणजे नस पुन्हा वाढली, असं म्हणता येत नाही. तो वेदनेतला आराम आहे. मोलाचाच आहे, पण वेगळा आहे.

सुई नेमकं काय करते, याचा अभ्यास पन्नासेक वर्षं चालू आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना सोयीचं आणि गैरसोयीचं बरंच आहे. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक दार असतं, आणि दुसऱ्या प्रकारचा स्पर्श ते अर्धवट लोटू शकतो. १९७० च्या दशकात शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं तयार करतं हे कळलं, आणि सुईने मिळालेला आराम त्या द्रव्यांना अडवणाऱ्या औषधाने कमी होतो असे प्रयोगही झाले. २०१० मध्ये उंदरांच्या गुडघ्याखाली सुई फिरवल्यावर तिथे ॲडिनोसिन हे वेदनाशामक द्रव्य वाढलेलं आढळलं. तेव्हा सुई टोचल्याने शरीरात काही घडतच नाही, हे म्हणणं टिकत नाही.

पण दुसरी बाजू तितकीच भक्कम आहे. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या हजारावर रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना बरं वाटलं. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी जवळपास ४८ टक्क्यांना. आणि भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. एवढ्या एका चाचणीतून दोन गोष्टी कळतात: सुया घेणं हे गोळ्या-व्यायामापेक्षा बरं ठरलं, आणि सुई नेमकी कुठे लागली याने फारसा फरक पडला नाही. मनगटातल्या चेपलेल्या नसेबद्दल, म्हणजे घोट्यातल्या दुखण्याच्या सख्ख्या भावंडाबद्दल, २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने असंच म्हटलं: खोट्या सुईच्या तुलनेत खऱ्या सुईने थोड्या काळात लक्षणांत फारसा फरक दिसत नाही. घोट्याच्या बोगद्यासाठी तर मोठी, नीट आखलेली चाचणी झालेलीच नाही. आहेत ती एकेकट्या रुग्णांची वर्णनं. त्यामुळे कुणी छातीठोकपणे सुईने टार्सल टनेल बरा होतो असं सांगत असेल तर त्याच्याकडे तसा आधार नाही.

या सगळ्या अभ्यासांत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१७ चा एक अमेरिकी प्रयोग, ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेला. मनगटातली नस चेपलेले ८० रुग्ण. काहींना दुखऱ्या हातावर विजेच्या सौम्य प्रवाहासह सुया, काहींना विरुद्ध बाजूच्या घोट्याजवळ, काहींना त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या सुया. उपचार संपल्यावर तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. इथेच थांबलं असतं तर खोटी सुईही चालते एवढाच निष्कर्ष निघाला असता. पण त्यांनी नसेतून संदेश किती वेगाने जातो तेही मोजलं, आणि मेंदूत बोटांच्या जाणिवेचे नकाशे कसे बदलले तेही. तिथे फरक निघाला. खऱ्या सुया घेतलेल्यांची नस सुधारली होती, खोट्या सुया घेतलेल्यांची नाही. एका प्रयोगावर इमारत उभी करू नये हे खरं. तो पुन्हा पुन्हा व्हायला हवा. तरी त्यातून एक गोष्ट निःसंशय निघते: नुसतं दुखणं विचारलं तेव्हा सुईचं वेगळेपण दिसलंच नाही, आणि नस मोजली तेव्हा दिसलं. म्हणजे नस मोजणं हे सुईच्या विरोधातलं कारस्थान नव्हे. सुईत काही वेगळं असेल तर ते फक्त तिथेच सिद्ध होणार आहे.

याच घोट्यावरची आणखी एक कहाणी सुई टोचणाऱ्या प्रत्येकाने अभिमानाने सांगायला हवी. घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला, चिनी नकाशात सानयिनजियाओ नावाचा बिंदू आहे. लघवीच्या तक्रारींवर तो शतकानुशतकं वापरात होता. १९८३ मध्ये मॅग्वायर या मूत्ररोगतज्ज्ञाने त्या परंपरेवरून सुचून याच नसेला वीज देऊन बघितली. पुढे त्यातून एक उपचार आकाराला आला: त्या बिंदूच्या जवळच एक बारीक सुई, सौम्य प्रवाह, आठवड्याला अर्धा तास, असे १२ आठवडे, प्रवाह बरोबर नसेला लागला की पायाचा अंगठा वळतो, म्हणजे सुई जागेवर आहे हे तिथल्या तिथे कळतं. वारंवार आणि घाईने लघवी लागणाऱ्या २२० रुग्णांवर खोट्या उपचाराशी तुलना करून २०१० मध्ये निष्कर्ष आले: खऱ्या उपचाराने ५४.५ टक्के लोकांत चांगली सुधारणा, खोट्याने २०.९ टक्क्यांत. हीच रीत शौचावर ताबा न राहण्याच्या विकारासाठी तपासली तेव्हा, २०१५ मध्ये, ती खोट्या उपचाराहून सरस ठरली नाही, आणि तेही तितक्याच स्वच्छपणे छापलं गेलं. मला यातली दुसरी चाचणी पहिलीइतकीच प्रिय आहे. जी पद्धत अमुक ठिकाणी आपण कमी पडलो असं म्हणू शकते, तिच्या अमुक ठिकाणी चाललो या म्हणण्यावर विश्वास ठेवता येतो.

आपल्याकडे मात्र ॲक्युपंक्चरची चर्चा वेगळ्याच सुरात होते, आणि त्याला महाराष्ट्रापुरतं एक कारण आहे. चीन आणि वैद्यक हे दोन शब्द एकत्र आले की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. कोटणीस तिथेच राहिले, लढाईतल्या जखमींवर अखंड शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने ते घरोघर पोचले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुईचं शास्त्र शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ॲक्युपंक्चर रुजलं ते या वाटेने, आणि देशात अनेक ठिकाणी ते कोटणीसांच्याच नावाने चाललं. ही मैत्रीची, त्यागाची परंपरा आहे. तिचा आदर मनात ठेवूनच मला म्हणायचं आहे की त्या आदराचा उपयोग प्रमाणपत्र म्हणून करू नये. कोटणीस तिथे हातात चाकू घेऊन उभे होते. जखम उघडून बघायची, गोळी कुठे आहे ते शोधायचं, मग हात चालवायचा, ही त्यांची शिस्त होती.

आणि चीनमध्येही सुईचा इतिहास एकसुरी नाही. १८२२ मध्ये खुद्द सम्राटाच्या वैद्यक संस्थेतून ती हद्दपार झाली होती. १९३० च्या दशकात चेंग दानआन यांनी बिंदूंचे नकाशे आधुनिक शरीररचनाशास्त्राच्या आधाराने नव्याने मांडले, रक्तवाहिन्यांवरून सुया बाजूला सरकवल्या. १९५० च्या दशकात माओच्या सरकारने, डॉक्टर फार थोडे आणि माणसं अफाट या अडचणीतून, तिला पुन्हा उभं केलं. म्हणजे आज जिला आपण हजारो वर्षांची अखंड परंपरा म्हणतो ती स्वतःला तपासत, बदलत आलेली आहे. घोट्यावर बोट ठेवून चार प्रश्न जास्त विचारल्याने ती बाटेल अशी भीती बाळगायचं कारण नाही.

आता जो मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो तिथे येतो. अमेरिकेतल्या किंवा बीजिंगमधल्या माणसाचा तळवा बधिर झाला तर शक्यता एका प्रकारच्या. सातारा-सांगलीतल्या माणसाचा झाला तर आणखी एक शक्यता आधी तपासावी लागते. कुष्ठरोग. त्याच्या जंतूला शरीरातल्या थंड, त्वचेजवळच्या नसा मानवतात, आणि घोट्यामागची ही नस त्याच्या ठरलेल्या जागांपैकी एक आहे. जंतूमुळे नस आतून सुजते आणि बाहेरचा पट्टा तिला जागा देत नाही, म्हणजे ती दोन्हीकडून चेपली जाते. डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिला नसल्याचं जाहीर केलं, कारण दर १० हजार लोकांमागे रुग्णाचं प्रमाण एकाहून खाली आलं. आपण ऐकलं ते एवढंच: रोग गेला. प्रत्यक्षात जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजून आपल्याच देशात दरवर्षी सापडतात.

या आजारात नस दुखत दुखत जाते तेव्हा निदान माणूस कुठेतरी दाखवतो तरी. पण कित्येकदा ती न दुखता जाते. आणि दुखणारी नस सुयांनी शांत केली, तर आपण तिचं एकच रडणं बंद केलेलं असतं. कुष्ठरोगात नसेचं काम बंद पडून सहा महिने झाले नसतील तर स्टेरॉइडच्या गोळ्यांच्या क्रमाने ते परत येण्याची चांगली आशा असते. ही मुदत उलटली की आशा झपाट्याने कमी होते. जंतू मारणारी औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण ती मेलेली नस जिवंत करत नाहीत. म्हणून सुयांच्या दहा-पंधरा बैठका, मग थोडा आराम, मग पुन्हा बैठका, यात गेलेले चार महिने हे नुसते चार महिने नसतात.

पुढे काय होतं ते मिरजेच्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयासारख्या जागी बघायला मिळतं. मलकापूरहून मिरज काही फार दूर नाही. तळव्याला जाणीव नाही, म्हणून चपलेतला खिळा कळत नाही, खडा कळत नाही, तापलेली वाळू कळत नाही. जखम होते, माणूस तिच्यावरच चालत राहतो, ती हाडापर्यंत जाते. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी आयुष्य घालवून दाखवून दिलं की कुष्ठरोग्याची बोटं रोगाने झडत नाहीत. दुखत नाही म्हणून झालेल्या इजांनी ती जातात. ज्यांनी वेदनेचा इतका खोल विचार केला त्यांनी तिला देणगी म्हटलं. ज्याला रात्रभर तळव्याची आग झोपू देत नाही त्याला हे ऐकवायला जाऊ नये, ती क्रूरता होईल. पण त्याची वेदना कमी करायला बसलेल्या माणसाला ते ठाऊक असलंच पाहिजे.

मधुमेहाचं गणित याहून वेगळं नाही, फक्त त्याची माणसं कितीतरी जास्त आहेत. शुगर असलेल्याच्या पायाची आग बहुधा दोन्ही तळव्यांत, बोटांपासून सुरू होऊन वर चढते. बोगद्यात चेपलेल्या नसेची सहसा एका पायात असते. पण शुगरवाल्याच्या नसा आधीच नाजूक असतात, त्यामुळे त्याला दोन्ही एकदम असू शकतं. अशा पायात सुई टोचण्यापेक्षाही मला भीती वाटते ती सुईबरोबर येणाऱ्या उष्णतेची. मॉक्सा म्हणजे दवण्याच्या जातीच्या वाळल्या पानांची जळती कांडी, तांबडा दिवा, गरम पिशवी. बधिर तळव्याला चटका कळत नाही. फोड येतो, चिघळतो, आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. हा इशारा फक्त चिनी उपचारांना नाही. आपल्या घरातल्या शेकाला, विटेला, गरम पाण्याच्या बादलीलाही तो तितकाच लागू आहे.

सुया टोचणारे यावर म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याजोगं आहे, की आमच्याकडे येणारा रुग्ण दवाखाना करूनच आलेला असतो. तिथे त्याचा बूटसुद्धा कुणी काढलेला नसतो. वेदनाशामक, बी-१२ च्या गोळ्या आणि वय झालं हे उत्तर. हे खरं आहे. घोट्यामागे बोटाने टिचकी मारून कळ तळव्यात उतरते का हे बघायला काही सेकंद लागतात आणि तेही कित्येकदा होत नाही. आणि शस्त्रक्रियेचाही डंका वाजवू नये. पट्टा उघडून नस मोकळी करण्याचे निकाल मनगटात जितके भरवशाचे आहेत तितके घोट्यात नाहीत. बोगद्यात एखादी गाठ सापडली तर ती काढून छान गुण येतो, कारण सापडलं नाही तर निकाल बेभरवशाचा. म्हणून ज्याला बोगद्यात गाठ नाही, कुष्ठरोग नाही, जाणीव शाबूत आहे, पण आग आहे, त्याने योग्य चप्पल, सपाट पावलाला आतून आधार, उभं राहण्याच्या कामात बदल, पोटरीचे व्यायाम हे करता करता सुया घेऊन बघाव्यात. मी स्वतःच्या घरच्या माणसालाही हाच सल्ला देईन. स्वच्छ, एकदाच वापरायच्या सुया असतील तर धोका अगदी कमी आहे, गोळ्यांनी पोट जाळून घेण्यापेक्षा तर नक्कीच.

माझा आग्रह फक्त क्रमाचा आणि मोजमापाचा आहे. मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना करून देशात नाव मिळवलं ते घरोघर मीटर बसवून. नळाला पाणी आलं म्हणजे गळती थांबली असं तिथे कुणी धरून चाललं नाही. नसेच्या बाबतीत हे मीटर महागडंही नाही. कुष्ठरोग कार्यक्रमातला आरोग्यसेवक साध्या बॉलपेनचं टोक तळव्यावर ठरलेल्या जागी टेकवतो आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला कुठे टेकलं ते बोटाने दाखवायला सांगतो. मधुमेहासाठी १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा असतो. पाच-दहा मिनिटांचं काम. हेच काम आपल्या वैद्यांकडूनही मी मागेन. सुश्रुताने घोट्यावरचं मर्म रुजाकर, म्हणजे वेदना देणारं सांगितलं आहे, आणि वाकडं पाऊल पडून किंवा श्रमाने घोट्यात-टाचेत येणाऱ्या वातकंटकाचं वर्णनही आयुर्वेदात आहे. त्यावर अग्निकर्म करणारे वैद्य आपल्याकडे आहेत. डाग द्यायच्या आधी त्या तळव्याला डाग कळतो का, हे त्यांनीही बघितलं पाहिजे.

आणि यासाठी नवं काही उभारायला नको, कारण चौकट तयार आहे. केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली, २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून. महाराष्ट्राने तर त्याही आधी, २०१५ च्या कायद्याने, नोंदणी आणि परिषद यांची व्यवस्था केली. मान्यता मागताना सुईवाल्यांनी सन्मान मागितला, तो त्यांना मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. सन्मानाबरोबर जबाबदारी येते आणि ती परिषदेने शब्दांत लिहून काढावी. बधिरपणा, मुंग्या किंवा तळव्याची आग घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची पहिल्या सुईच्या आधी जाणीव तपासलेली असावी, अंगावर फिका, बधिर चट्टा आहे का ते पाहिलेलं असावं, घोट्यामागची नस दोन्ही बाजूंनी चाचपून तुलना केलेली असावी, शुगर मोजलेली असावी. चट्टा दिसला किंवा नस जाड लागली तर सुई न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे चिठ्ठी द्यावी. सुया सुरू केल्या तर दर तीन आठवड्यांनी जाणीव पुन्हा तपासावी, आणि दुखणं कमी होत असताना जाणीवही कमी होत असेल तर उपचार थांबवून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावं. मोठ्या रुग्णालयानेही अशी चिठ्ठी घेऊन आलेल्याला सुया घेतल्याबद्दल न झापता तिच्यावरच्या नोंदी वाचाव्यात. पहिल्या दिवसापासूनची जाणिवेची नोंद एमआरआयमध्येही मिळत नाही. तळव्याचं चित्र काढून कुठे कळतं आणि कुठे नाही ते दाखवणारा हा कागद उपचारकाच्या कपाटात न राहता रुग्णाच्या पिशवीत असावा, कारण फडावर गेलेला माणूस पुढच्या महिन्यात कोणत्या गावात असेल आणि तिथे त्याचा पाय कोण बघेल हे आज कुणाला सांगता येत नाही.